मैल ४१२ ते मैल ०: साउथ डकोटातून पहिला मोटारप्रवास

अमेरिकेत नव्याने स्थायिक झालेल्या, किंवा उन्हाळ्यात मुलांकडे दोन-तीन महिने राहायला आलेल्या मराठी मंडळींच्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासाचा आराखडा बहुधा ठरलेला असतो. नकाशावर एखादे प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यान शोधायचे, तिथे लवकरात लवकर पोहोचायचे आणि मधले हजार मैल कसेबसे ‘काढायचे’. असे गेल्यास मधल्या मुलखाची आठवण पेट्रोल पंप आणि स्वच्छतागृहे यांपलीकडे फारशी उरत नाही. पहिल्या प्रवासाची आखणी याच्या उलट क्रमाने करावी, म्हणजे रस्त्याकडेचे थांबे आधी ठरवावेत आणि मुक्काम त्यांच्या सोयीने निवडावेत, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. उदाहरणादाखल येथे साउथ डकोटा राज्यातून जाणारा आय-९० हा महामार्ग घेतला आहे, कारण ओसाड मुलखातून भरधाव निघालेल्या वाटसरूला गाडीतून खाली उतरवण्याच्या कलेत या राज्याचा हात धरणारे दुसरे राज्य माझ्या पाहण्यात नाही.

त्यांना ती कला अवगत करावीच लागली. राज्याचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन-तृतीयांश आहे, पण २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८ लाख ८६ हजार भरली, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील एकट्या सोलापूर शहराहूनही कमी. अशा ठिकाणी दुकान चालवायचे, तर गिऱ्हाईक गावात नसते. ते रस्त्यावरून जात असते.

आधी मैलांचे आकडे वाचायला शिका

अमेरिकेतील आंतरराज्य महामार्गांना क्रमांक देण्याची पद्धत समजून घेतली की अर्धी धास्ती संपते. सम क्रमांकाचे मुख्य महामार्ग पूर्व-पश्चिम जातात आणि विषम क्रमांकाचे दक्षिणोत्तर. सम क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जातात, विषम क्रमांक पश्चिमेकडून पूर्वेकडे. त्यामुळे सिअॅटल ते बोस्टन जाणारा आय-९० देशाच्या उत्तर भागात असणार, हे नकाशा न पाहताही कळते.

याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे एक्झिटचे, म्हणजे महामार्गावरून बाहेर पडण्याच्या फाट्यांचे क्रमांक. बहुतेक राज्यांत एक्झिटला ओळीने १, २, ३ असे आकडे न देता तिथल्या मैलाचा आकडा देतात, आणि पूर्व-पश्चिम रस्त्यावर ही मोजणी राज्याच्या पश्चिम सीमेपासून सुरू होते. साउथ डकोटातील आय-९० ची लांबी सुमारे ४१२ मैल, म्हणजे ६६३ किलोमीटर आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, यावरून अंतराचा अंदाज यावा. मिनेसोटाकडून राज्यात शिरताना मैल ४१२ असतो आणि पश्चिमेला वायोमिंगच्या सीमेवर शून्य.

निघण्याच्या आदल्या रात्री एका कागदावर हे आकडे मोठ्या अक्षरांत उतरवून घ्यावेत: सू फॉल्स ३९६, मिचेल ३३२, चेंबरलेन २६३, मर्डो १९२, बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यान १३१, वॉल ११०, रॅपिड सिटी साधारण ६०. आता मिचेल ते चेंबरलेन किती अंतर, तर ३३२ वजा २६३, म्हणजे ६९ मैल, म्हणजे तासाभरापेक्षा थोडे कमी. मिसुरी नदीच्या पश्चिमेला मोबाइलचे जाळे मधूनमधून गायब होते, तेव्हा मागच्या आसनावरून “अजून किती वेळ?” असे विचारणाऱ्यांना उत्तर देण्यास हा कागदच कामी येतो.

पाट्यांचे रंगही ठरलेले आहेत. हिरवी पाटी दिशा आणि अंतर सांगते, निळी पाटी इंधन, जेवण आणि मुक्कामाची सोय दाखवते, आणि तपकिरी पाटी उद्यान किंवा ऐतिहासिक स्थळाची असते. या प्रवासात तपकिरी पाटी दिसली की वेग कमी करण्याची तयारी ठेवावी.

परवाना, गाडी आणि विमा

पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीला बहुतेक राज्यांत आपल्या देशाच्या वैध परवान्यावर मर्यादित काळ गाडी चालवता येते, पण नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून ज्या ज्या राज्यातून जाणार त्याच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा पाहून घ्यावे. भारतातून निघण्यापूर्वी आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून आणणे शहाणपणाचे ठरते. तो एक वर्ष चालतो, मूळ परवान्यासोबतच दाखवावा लागतो, आणि इंटरनेटवर घरपोच ‘आंतरराष्ट्रीय परवाना’ विकणाऱ्या खासगी मंडळींच्या कागदाला त्याची सर येत नाही.

गाडी भाड्याने घेताना चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड मागतात आणि त्यावर काही रक्कम अडकवून ठेवतात. पंचवीस वर्षांखालील चालकाला बहुतेक ठिकाणी जादा आकार पडतो. विम्याच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे नवख्याच्या लक्षात येत नाही: भाड्याच्या गाडीला झालेल्या नुकसानीचे संरक्षण ही एक, आणि आपल्यामुळे दुसऱ्याला झालेली इजा किंवा त्याच्या मालमत्तेची हानी भरून देण्याची जबाबदारी ही दुसरी. अनेक क्रेडिट कार्डे पहिली काही प्रमाणात उचलतात, दुसरी सहसा नाही. भारतातून काढून आणलेल्या प्रवासी आरोग्यविम्याचा या दोहोंशी संबंध नसतो. करारात कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई आहे का, हेही वाचावे. पुढे बॅडलँड्समध्ये त्याचा प्रश्न येणार आहे.

केव्हा जावे

जूनचा उत्तरार्ध किंवा शाळा सुरू झाल्यानंतरचा सप्टेंबर हे दोन काळ मला उत्तम वाटतात. ऑगस्टच्या सुरुवातीला स्टर्जिस या छोट्या गावात मोटारसायकलस्वारांचा मेळा भरतो. १९३८ पासून चालत आलेल्या या मेळ्यासाठी लाखो लोक येतात आणि त्या आठवड्यात राज्याच्या पश्चिम टोकाच्या ब्लॅक हिल्स या डोंगराळ परिसरात खोली मिळणे दुरापास्त होते. मिळालीच तर तिचा दर ऐकून परत फिरावेसे वाटते. हिवाळ्यात हिमवादळ आले की आय-९० वर फाटके टाकून तो चक्क बंद करतात. रस्त्यांची स्थिती ५११ या क्रमांकावर कळते, आणि आणीबाणीचा क्रमांक सर्वत्र ९११ आहे.

पंप, वेग आणि शिस्त

इंधन आपले आपणच भरायचे असते. येथे पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात. पंपावर कार्ड घातल्यावर यंत्र पाच आकडी पिनकोड मागते आणि भारतीय कार्डाचा सहा आकडी पिनकोड त्याला पचत नाही. माझ्या पहिल्या प्रवासात मी त्या यंत्राशी दहा मिनिटे हुज्जत घालत उभा होतो. शेवटी शेजारच्या पंपावरील शेतकऱ्याने मानेनेच दुकानाकडे खूण केली. आत जाऊन “पंप क्रमांक चार, चाळीस डॉलर” एवढेच सांगायचे, कार्ड द्यायचे आणि बाहेर येऊन भरायचे. टाकी पस्तीस डॉलरमध्ये भरली, तर उरलेले पाच कार्डावरून घेतले जात नाहीत. राज्याच्या पश्चिम भागात ८५ ऑक्टेनचे स्वस्त पेट्रोलही असते, पण गाडीच्या पुस्तिकेत बहुधा किमान ८७ लिहिलेले असते, तेव्हा बटण पाहून दाबावे. ‘ई-८५’ लिहिलेली नळी साध्या गाडीसाठी नसते, तिला हात लावू नये. काटा अर्ध्यावर आला की टाकी भरायची, हा नियम नदीच्या पश्चिमेला मोडू नये.

या महामार्गावर बऱ्याच भागात वेगमर्यादा ताशी ८० मैल, म्हणजे सुमारे १२९ किलोमीटर आहे. सरळ, मोकळ्या आणि एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे राहूनही मन झोपी जाते. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून ‘महामार्ग संमोहन’ हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांतही रुळला आहे. त्यावर तासातासाने उतरून पाय मोकळे करण्याइतका चांगला उपाय नाही, आणि या राज्यात उतरण्यासाठी निमित्त शोधावे लागत नाही.

उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय भारतीय चालकाला गर्दीत लवकर लागते, कारण पुढच्या गाडीमागे जायचे असते. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, पंपावरून किंवा वाहनतळावरून बाहेर पडून डावीकडे वळताना. चालकाची जागा नेहमी रस्त्याच्या मध्यरेषेकडे असली पाहिजे, एवढे स्वतःला बजावावे. डावी मार्गिका ओलांडून पुढे जाण्यापुरती असते. चारही बाजूंना ‘स्टॉप’ असलेल्या चौकात प्रत्येकाने पूर्ण थांबायचे आणि जो आधी आला तो आधी जाणार. शाळेच्या बसचे लाल दिवे लुकलुकत असतील, तर तिच्यामागे थांबणे बंधनकारक आहे. पोलिसाची गाडी दिवे लावून मागे आलीच, तर उजवीकडे कडेला थांबावे, हात चक्रावर ठेवावेत आणि गाडीतून उतरू नये. आपल्याकडे उतरून साहेबांपाशी जाणे ही अदब असते, येथे त्याचा अर्थ भलताच घेतला जाऊ शकतो.

खाण्याविषयी थोडेसे. सू फॉल्स सोडल्यावर शाकाहारी माणसाचे पर्याय पिझ्झा, बटाटा आणि कोशिंबीर यांवर येतात. ठेपले, चिवडा आणि शीतपेटीत दही असले की निम्मी चिंता मिटते. मोटेलमध्ये बर्फाचे यंत्र फुकट असते आणि खोलीत बहुधा मायक्रोवेव्हही. वाटेत ‘फ्राय ब्रेड’ दिसेल. दिसायला तो भटुऱ्याचा भाऊ वाटतो आणि २००५ पासून तो राज्याचा अधिकृत पाव आहे. मूळ रहिवाशांना राखीव प्रदेशांत कोंडल्यानंतर सरकारी शिध्यात मैदा आणि चरबी मिळू लागली, त्यातून तो जन्मला. अजूनही तो कधी कधी चरबीत तळतात, म्हणून शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावे.

मैल ३९६ ते २६३: कणसांचा महाल आणि नदी

सू फॉल्समध्ये शहराला नाव देणारे धबधबे गुलाबी दगडावरून वाहतात; तासभर पुरतो. गावाचे नाव इंग्रजी अक्षरे पाहून ‘सिऑक्स’ असे वाचू नये, उच्चार ‘सू’ असा आहे. तसेच राज्याची राजधानी येथे ‘पिअर’ म्हणून ओळखली जाते. फ्रेंच पद्धतीचा उच्चार केल्यास आपण पाहुणे आहोत, हे लगेच कळते.

एक्झिट ३३२ ला मिचेल गावातील ‘कॉर्न पॅलेस’ आहे. येथील जमीन पिकाऊ आहे, हे वसाहतकऱ्यांना पटवण्यासाठी १८९२ मध्ये पहिला महाल उभारला गेला. आजची इमारत १९२१ ची आहे आणि कांद्याच्या आकाराचे घुमट १९३७ मध्ये चढले. लांबून घुमट पाहून हसू येते, पण जाणकाराने भिंतीला नाक लावूनच पाहावे. प्रत्येक कणीस उभे चिरलेले असते आणि त्याची सपाट बाजू आत ठेवून खिळ्याने ठोकलेले असते. पिवळा, पांढरा, नारिंगी, गडद लाल, जवळजवळ काळा, निळसर असे सगळे रंग दाण्यांचेच असतात. रंगाचा कुंचला कोठेही लागलेला नसतो. चित्रांच्या कडांना राय नावाचे धान्य आणि आपल्या चुक्याच्या जातकुळीतले ‘डॉक’ नावाचे वाळलेले तण बांधलेले असते. आपण धान्याची रांगोळी जमिनीवर काढतो. येथे ती उभी करून तिच्यामागे बास्केटबॉलचे मैदान बांधले आहे, कारण आत खरोखरच गावाचे सभागृह आहे. चित्रे दरवर्षी बदलतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस जुनी कणसे उतरवून नवी लावण्याचे काम चालू असते. पूर्ण सजलेली भिंत पाहायची असेल, तर तो काळ टाळावा. मला मात्र अर्धवट भिंत अधिक आवडली, कारण कोणत्या जागी कोणता रंग ठोकायचा याची खूण असलेला आराखडा तिच्यावर उघडा दिसत होता. पक्षी चित्रे खाऊन टाकतात, म्हणून याला जगातले सर्वांत मोठे पाखरांचे ताट असेही विनोदाने म्हणतात. प्रवेश विनामूल्य आहे.

मैल २६४ च्या सुमारास, चेंबरलेनपाशी, विश्रांतिस्थळावर गाडी वळवावी. खाली मिसुरी नदी पसरलेली दिसते आणि कड्यावर ‘डिग्निटी’ हा पन्नास फूट उंचीचा पोलादी पुतळा उभा आहे. डेल लॅम्फीअर या शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा २०१६ मध्ये बसवला गेला. मूळ रहिवासी स्त्रीने पाठीमागे पसरून धरलेल्या तारांकित गोधडीचे निळे तुकडे वाऱ्याने हलतात. गोधडी ही मानाची भेट असते, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. नदीमुळे राज्याचे दोन भाग झाले आहेत. लोक त्यांना ‘ईस्ट रिव्हर’ आणि ‘वेस्ट रिव्हर’ म्हणतात, आणि फरक पूल ओलांडताच जाणवतो: मका आणि सोयाबीनची चौकोनी शेते मागे पडतात आणि गवताळ टेकड्या, गुरे व रुंद काठाच्या टोप्या सुरू होतात.

मैल २६३ ते ११०: घड्याळ, माती आणि क्षेपणास्त्र

पुढचे शंभर मैल कंटाळवाणे आहेत, हे मान्य केलेले बरे. येथे गाडीतल्या मंडळींना सांगण्यासाठी एक गोष्ट राखून ठेवावी. नॉर्थ आणि साउथ डकोटा ही दोन्ही राज्ये २ नोव्हेंबर १८८९ रोजी संघराज्यात सामील झाली. पहिला मान कोणाचा, हा वाद टाळण्यासाठी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी दोन्ही कागद पिसून, झाकून सह्या केल्या. आधी सही कोणावर झाली, हे आजतागायत कोणालाही ठाऊक नाही, म्हणून वर्णक्रमाने नॉर्थ डकोटाला एकोणचाळिसावे आणि साउथ डकोटाला चाळिसावे राज्य मानतात.

मर्डोच्या पश्चिमेला कालविभाग बदलतो आणि घड्याळ एक तास मागे जाते. हा फुकटचा तास बॅडलँड्सच्या सूर्यास्तासाठी राखून ठेवावा. एक्झिट १३१ ला उतरून मार्ग क्रमांक २४० धरला की उद्यानातून वळसा घेत थेट वॉल गावी, म्हणजे एक्झिट ११० ला निघता येते. येथील मूळ रहिवासी असलेले लकोटा लोक या प्रदेशाला ‘माको शीचा’, म्हणजे वाईट जमीन म्हणत आणि फ्रेंच शिकाऱ्यांनीही तोच अर्थ आपल्या भाषेत नेला. पाणी नाही, वाट नाही, आणि पाऊस पडला की माती बुटाला अशी चिकटते की पाय उचलवत नाही. पण मावळतीचा प्रकाश तिरपा पडला की सुळक्यांवरचे तांबडे, पिवळे आणि राखाडी पट्टे एकेक करून वेगळे होतात. त्यांतले तांबडे पट्टे म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीची जमीन आहे. वर्षाला सुमारे एक इंच या गतीने हे सुळके झिजत आहेत, आणि झिजताना जीवाश्म उघडे पडतात. २०१० मध्ये सात वर्षांच्या एका मुलीला येथील पर्यटक केंद्राजवळच लांब सुळ्यांच्या मार्जारसदृश प्राण्याची कवटी सापडली होती. आपल्याला काही दिसले, तर ते न उचलता जागा लक्षात ठेवून वनरक्षकाला सांगावे.

उद्यानाच्या वायव्येकडील ‘सेज क्रीक रिम’ हा रस्ता खडीचा आहे. करारात मनाई नसेल तरच जावे. तेथे प्रेअरी डॉग नावाच्या खारीसारख्या प्राण्यांची मोठी वसाहत आणि गवे दिसतात. प्रेअरी डॉगला दाणे टाकण्याचा मोह आवरावा, कारण त्यांच्यात प्लेगची लागण आढळते. गव्यापासून ठरावीक अंतर दूर राहण्याचा नियम आहे आणि तो गाय समजून जवळ जाणाऱ्यांसाठीच केलेला आहे. उद्यानांचे शुल्क गाडीमागे असते. २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी आणि परदेशी पाहुणे यांच्यासाठी वार्षिक पासाचे दर वेगवेगळे आहेत, त्यामुळे आई-वडील सोबत असतील तर आधी हिशोब करावा.

वॉलला मुक्काम केल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी सहा मैल मागे, एक्झिट ११६ ला जाऊन यावे. कुंपणाआड, गवतात, जमिनीत एक विहीर आहे आणि तिच्यावरच्या काचेतून आत ‘मिनिटमन’ क्षेपणास्त्र दिसते. अर्थात आता ते निकामी आहे. शीतयुद्धात या राज्याच्या पश्चिम भागात अशी १५० क्षेपणास्त्रे जमिनीखाली सज्ज होती आणि सोव्हिएत संघाशी १९९१ मध्ये झालेल्या शस्त्रकपात करारानंतर ती काढली गेली. एक्झिट १२७ च्या नियंत्रणकक्षात मात्र आधी नोंदणी करूनच उतरता येते. तेथील जाडजूड पोलादी दारावर सैनिकांनी पिझ्झाच्या खोक्याचे चित्र रंगवून “जगात कोठेही तीस मिनिटांत पोहोच, अन्यथा पुढचे फुकट” अशा अर्थाची ओळ लिहिली आहे.

एक्झिट ११०: धंदेवाईक पाणपोई

‘वॉल ड्रग’च्या पाट्या आपल्याला दीडशे-दोनशे मैल आधीपासून दिसत आलेल्या असतात. मुलांना त्या मोजायला लावाव्यात. १९३१ मध्ये टेड आणि डोरोथी हस्टेड या दाम्पत्याने या आडगावातले औषधांचे दुकान विकत घेतले. पाच वर्षे गिऱ्हाईक येईना. १९३६ च्या उन्हाळ्यात, बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजाने झोप मोडलेल्या डोरोथीबाईंना सुचले, की या तापलेल्या माणसांना हवे आहे ते थंडगार पाणी. टेडने रस्त्यावर यमक जुळवलेल्या पाट्या रोवल्या: बर्फाचे पाणी, फुकट. पाट्या लावून तो परत येईपर्यंत दुकानात माणसे आलेली होती.

आपल्याकडे चैत्रात पाणपोई घालतात ती पुण्यासाठी. येथे पाणपोईने पुण्य किती मिळाले ते ठाऊक नाही, पण दुकान रस्त्याची अख्खी बाजू व्यापण्याएवढे वाढले. आज त्यात उपाहारगृह, पुस्तकांचे दालन, प्रार्थनास्थळ, लहान मुलांसाठी गुरगुरणारा यांत्रिक डायनासोर आणि शिंगे असलेला ‘जॅकलोप’ ससा आहे. असा ससा निसर्गात नसतो, हे मुलांना केव्हा सांगायचे ते आपण ठरवावे. मागच्या अंगणात पाणी अजूनही फुकट मिळते. कॉफी पाच सेंटला आहे आणि पैसे टाकायला लाकडी पेटी ठेवलेली असते. कोणी पाहत नसते. १९६५ च्या महामार्ग सुशोभीकरण कायद्याने रस्त्याकडेच्या जाहिरातफलकांवर देशभर बंधने आली, तरी या राज्यात ते पुष्कळ टिकून आहेत. विकत काही घ्यायचे नसेल, तर पाऊण तास पुरे.

ब्लॅक हिल्स: एका दिवसात सगळे उरकू नका

रॅपिड सिटीत दोन रात्री मुक्काम ठेवून ब्लॅक हिल्सला सबंध दिवस द्यावा आणि तो दक्षिणेकडून सुरू करावा. कस्टर स्टेट पार्कमध्ये सुमारे १,४०० गवे मोकळे हिंडतात आणि त्यांनी रस्ता अडवला, तर इंजिन बंद करून वाट पाहण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो. तेथून ‘आयर्न माउंटन रोड’ने उत्तरेकडे निघावे. सतरा मैलांत तीनशे चौदा वळणे, लाकडी खांबांवर गोल फिरून स्वतःच्याच वरून जाणारे पूल आणि अरुंद बोगदे आहेत. वरंधा किंवा आंबा घाट चालवलेल्याला वळणांचे काही वाटणार नाही. पण बोगदे असे खोदले आहेत की अंधारातून बाहेर पडताना त्यांच्या चौकटीत दूरवरचे माउंट रशमोर दिसावे. हे दृश्य उत्तरेकडे जातानाच समोर येते, म्हणून दिशेचा आग्रह.

रशमोरचे चार राष्ट्राध्यक्ष, वॉशिंग्टन, जेफरसन, थिओडोर रूझवेल्ट आणि लिंकन, गट्झन बोरग्लम यांच्या देखरेखीखाली १९२७ ते १९४१ या काळात कोरले गेले. प्रत्येक चेहरा साठ फूट उंच आहे आणि बहुतांश दगड छिन्नीने नाही, तर सुरुंगाने उडवला आहे. जेफरसनचा चेहरा आधी वॉशिंग्टनच्या दुसऱ्या बाजूला कोरायला घेतला होता. खडक ठिसूळ निघाला, तेव्हा दीड-दोन वर्षांचे काम उडवून देऊन तो इकडे आणला. प्रवेशशुल्क नाही, वाहनतळाचे पैसे पडतात.

येथे उभे राहताना आणखी एक गोष्ट माहीत असावी. १८६८ च्या फोर्ट लॅरमी करारान्वये हे डोंगर लकोटांचे होते. सोने सापडल्यावर ते काढून घेण्यात आले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मंजूर केली, पण लकोटांनी ती आजवर स्वीकारलेली नाही. त्यांना पैसे नकोत, डोंगर हवेत. जवळच क्रेझी हॉर्स या लकोटा योद्ध्याचे शिल्प १९४८ पासून कोरले जात आहे. चेहरा १९९८ मध्ये पूर्ण झाला, बाकीचे काम अजून चालू आहे आणि ते करणारी संस्था केंद्र सरकारचा पैसा घेत नाही. पवित्र डोंगर फोडून स्मारक करावे का, यावर खुद्द लकोटांमध्येही एकमत नाही. प्रवेशाचे शुल्क बरेच आहे. वेळ कमी असेल तर रस्त्यावरूनही चेहरा दिसतो.

मैल शून्य आणि थोडे पुढे

चौथ्या दिवशी डेडवूडला धावती भेट द्यावी. २ ऑगस्ट १८७६ रोजी वाइल्ड बिल हिकॉक या नामांकित बंदूकबाजाला येथे पत्ते खेळताना मागून गोळी घातली. त्याच्या हातात एक्के आणि अठ्ठे होते असे सांगतात, आणि त्या हाताला आजही ‘मेलेल्याचा हात’ म्हणतात. गावात आता जुगाराची यंत्रे खणखणतात. कबरस्तान वर टेकडीवर आहे आणि मला तेच अधिक बोलके वाटले.

मैल शून्य ओलांडून वायोमिंगमध्ये शिरताच पाटीवर एकदम २०८ हा आकडा येतो, कारण तेथील मोजणी त्या राज्यातील महामार्गाच्या पश्चिमेकडील टोकापासून सुरू झालेली असते. जुना कागद खिशात ठेवून नवा काढावा. सन्डान्स गावाजवळ महामार्ग सोडून उत्तरेला गेले की ‘डेव्हिल्स टॉवर’ हा पायथ्यापासून ८६७ फूट उंचीचा, उभ्या खांबांच्या जुडग्यासारखा खडक दिसतो. १९०६ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला देशाचे पहिले राष्ट्रीय स्मारक घोषित केले. १९४१ मध्ये जॉर्ज हॉपकिन्स नावाचा गडी पैजेखातर हवाई छत्रीने माथ्यावर उतरला आणि उतरण्याची दोरी हाती न लागल्याने सहा दिवस तिथेच अडकला. लकोटा या खडकाला अस्वलाचे घर म्हणतात. पायथ्याभोवतीच्या पायवाटेवर झाडांना कापडाच्या चिंध्या आणि पुरचुंड्या बांधलेल्या दिसतील. आपल्याकडे नवसाची झाडे असतात तशाच त्या प्रार्थना आहेत. त्यांना हात लावू नये आणि त्यांची छायाचित्रे काढू नयेत.

परतीच्या वाटेवर पश्चिमेला जाताना मिळालेला तास परत द्यावा लागतो. पहिल्या खेपेस आम्ही हे विसरलो आणि रस्त्याकडेच्या एका संग्रहालयाच्या दारात पोहोचलो, तेव्हा आत दिवे मालवून बाई कुलूप लावत होत्या. आमच्या घड्याळात अजून चाळीस मिनिटे बाकी होती. म्हणून परतताना मर्डोच्या अलीकडेच मनगटावरचे घड्याळ पुढे करून घ्यावे आणि पूर्वेकडचा पहिला थांबा दुपारी दोनच्या आत गाठावा.